‘पार्लों’ कुठे तोडायचं?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या भाषासंस्थेचे जुनेजाणते आधारस्तंभ. व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या, ज्यांना गाव स्पीच थेरपिस्ट म्हणून ओळखतं आणि मी नुसतं ‘मॅडम’ म्हणून घाबरतो, त्या मॅडम. संस्थेतले माझे सहकारी. सकाळच्या आणि संध्याकाळच्या वर्गांचे आजी-माजी विद्यार्थी. आमच्या वर्गाच्या बरोब्बर खाली दवाखाना थाटून आमचं फ्रेंच निमूटपणे सोसणारे आमचे दंतवैद्य. पहिल्या रांगेत बसून ‘आवरतं घ्या’ अशी आत्तापासूनच खूण करणारी माझी सौभाग्यवती. आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत, पण ज्यांना निरोप द्यावा असं इथे एकालाही वाटत नाही, त्या आमच्या बाई! आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

हे सगळं एका दमात म्हणायचं, असं घरून ठरवून निघालो होतो. दोनदा दम घ्यावा लागला. मॅडमच्या ते लक्षात आलंच असेल, पण आज त्या पाहुण्या आहेत, त्यामुळे काही बोलणार नाहीत.

मला दहा मिनिटं दिली आहेत. माझ्या वेगानं दहा मिनिटांत नमस्कार आटोपतो. कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळींनी परवा आमच्या घरी फोन केला आणि मला न विचारता हिला विचारलं, “सरांना बोलायला जमेल ना?” ही म्हणाली, “त्यांना जमेल हो. तुम्हाला थांबायला जमतंय का तेवढं बघा.” तेव्हा मंडळी, मधेच मी थांबलो तर टाळ्या वाजवून मला बसवू नका. मी शब्द शोधत असेन. तो सापडतो. हल्ली सापडतो.

तर, बाई. सकाळच्या वर्गाची मुलं यांना ‘टाळीबाई’ म्हणतात, हे बाईंना ठाऊक आहे. संध्याकाळच्या वर्गाची मुलं मला ‘शेपूटसर’ म्हणतात, हे मलाही ठाऊक आहे. या दोन नावांमागे एक भांडण आहे. ते अनेक वर्षं चाललं आणि, प्रामाणिकपणे सांगायचं तर, अजून मिटलेलं नाही.

सभागृहात बऱ्याच जणांचा फ्रेंचशी काही संबंध नाही. ते सुखी आहेत. त्यांच्यासाठी मी आपल्याच घरातला एक शब्द घेतो. ‘बसून’. म्हणून बघा बरं सावकाश. ब-सून. तोंडातून दोन झटक्यांत निघतो. आधी ‘ब’, मग ‘सून’. आता व्याकरणाला विचारा. व्याकरण म्हणेल, यात सून कुठून आली? ‘बस’ हा धातू आहे आणि ‘ऊन’ हे त्याला लागलेलं शेपूट. बस-ऊन. शब्द तोच, पण तोंड एकीकडे तोडतं आणि डोकं दुसरीकडे. बाई म्हणायच्या, सून. मी म्हणायचो, ऊन.

फ्रेंचमध्ये ‘पार्लों’ म्हणजे ‘बोलूया’. बाई तो तोडायच्या पार-लों, आणि प्रत्येक तुकड्याला वर्गाकडून एक टाळी वाजवून घ्यायच्या. त्यांचं म्हणणं असं की भाषा आधी श्वासात असते, मग कानात, आणि फळ्यावर तर ती फक्त वाळत घातलेली असते. मी तोडायचो पार्ल-ओं. ‘पार्ल’ हे मूळ, म्हणजे बोलणं. ‘ओं’ हे शेपूट, म्हणजे आपण सगळे. मूळ कळलं, शेपूट कळलं की हजार क्रियापदं आपोआप उभी राहतात, असं माझं म्हणणं. वर्गात मी ‘मूळ?’ विचारायचो, मुलं ओरडायची, मी ‘शेपूट?’ विचारायचो, मुलं आणखी मोठ्यानं ओरडायची. नाव उगाच नाही पडलं.

संस्थेत खोली एक, फळा एक. सकाळी बाई, संध्याकाळी मी. आमची प्रत्यक्ष गाठ पडायची ती बैठकीला. एरवी आमचं बोलणं फळ्यावर. मी संध्याकाळी यायचो तर फळ्यावर जांभळ्या खडूनं ‘पार्लों’ लिहिलेलं आणि ‘पार’नंतर खणखणीत उभी रेघ. मी ती पुसायचो आणि पांढऱ्या खडूनं माझ्या जागी रेघ मारायचो. दुसऱ्या दिवशी पाहावं तर माझी रेघ गायब आणि जांभळी रेघ पहिल्यापेक्षा जाड. बाईंनी जांभळे खडू स्वतःच आणून ठेवले होते, मला वापरायला बंदी होती. दोन्ही वर्गांना बसणारी एक मुलगी मला म्हणाली होती, “सर, या बिचाऱ्या शब्दाला एकदा कुठेतरी नीट मरू द्या.”

शेवटी आजचे आपले अध्यक्ष, जे तेव्हा संस्थेचे चिटणीस होते, त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाले, “फळ्याच्या मधोमध एक रेघ मारा. डावी बाजू बाईंची, उजवी सरांची. विषय संपला.” विषय कसला संपतोय? मधोमध म्हणजे नेमकं कुठे, यावर आम्ही दोघं अर्धा तास भांडलो. अध्यक्षमहोदय, आपण त्या दिवशी डोक्याला हात लावून बसला होता. ते आठवून आपण आत्ता हसताय, हे पाहून बरं वाटलं.

आणि खाली आमचे दंतवैद्य. ते एकदा वर आले होते, हातमोजे घातलेलेच. म्हणाले, “बाई, वर टाळी वाजली की खाली पेशंट दचकतो, आणि माझ्या हातात ड्रिल असतं.” बाई काय म्हणाल्या असतील? “मग तुम्हीही तालावर चालवा.” दंतवैद्य मान हलवत खाली गेले. पुढे त्यांच्याकडे दाढ भरून घ्यायला आलेला एक गृहस्थ खुर्चीतून उठून तडक वर येऊन सकाळच्या वर्गाला नाव घालून गेला. तोंड उघडं ठेवून तासभर ऐकलं होतं त्यानं. म्हणाला, आता तोंडाला सवय झालीच आहे.

पण आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते एका न ऐकू येणाऱ्या शेपटावरून. फ्रेंचमध्ये ‘तो बोलतो’ म्हणायचं तर ‘ईल पार्ल’. ‘ते बोलतात’ म्हणायचं तरी ‘ईल पार्ल’. कानाला दोन्ही सारखंच. फरक फक्त कागदावर. ‘ते बोलतात’ लिहिताना मुळाला शेवटी ई-एन-टी अशी तीन अक्षरं लागतात, आणि त्यांचा उच्चार कुणीही करत नाही. परीक्षेत एका मुलीनं ती तीन अक्षरं गाळली. मी मार्क कापले. बाई बैठकीत उसळल्या.

“पोरीचा कान चोख आहे, सर. ऐकलं तसं लिहिलंय.”

“कान चोख असेल, पण क्रियापद अर्धवट आहे.”

“जे ऐकूच येत नाही ते शिकवता कशाला?”

मी म्हणालो, “बाई, ऐकू येत नाही म्हणजे नाही, असं नव्हे. ते आहे. ते काढलंत तर बोलणारा एकटा आहे की त्याच्याबरोबर चारजण आहेत, हेच कळणार नाही.”

बाई म्हणाल्या, “तुमच्या डोक्यात फक्त शेपटं आहेत.” मी म्हणालो, “तुमच्या हातात फक्त टाळ्या.” तिथे बैठक संपली.

मंडळी, त्यानंतर काही महिन्यांनी, एका संध्याकाळी मी वर्गात उभा होतो. नेहमीचाच धडा. फळ्यावर क्रियापद लिहिलं, वर्गाकडे वळलो, आणि ‘मूळ?’ म्हणायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. मला शब्द दिसत होता. तो माझ्यासमोर होता, एखाद्या ओळखीच्या माणसासारखा, पण मी हाक मारली की तो वळून बघत नव्हता. मुलांना वाटलं, सर नेहमीसारखे उत्तराची वाट पाहताहेत. एकानं उत्तर दिलंसुद्धा. बरोबर दिलं. मग माझ्या उजव्या हातातला खडू पडला, आणि तो उचलायला हात खाली गेला नाही.

मेंदूत रक्ताची गुठळी. डाव्या बाजूला, जिथे म्हणे बोलण्याचं घर असतं. पाय काही दिवसांत सावरला, हातही हळूहळू वळणावर आला. वाचा गेली. अगदी सगळी गेली असं नाही. एक शब्द शिल्लक राहिला होता. तो का राहिला ते मॅडमच सांगू शकतील. तो शब्द होता ‘मग’.

“पाणी हवंय?” “मग.” “डोकं दुखतंय का?” “मग.” “तुम्हाला भेटायला कोण आलंय, ओळखलंत?” “मग.” येणारा माणूस खूश होऊन जायचा. हिनं तर सगळ्यांना सांगितलं, “काळजी करू नका. आमचा संसार तसाही निम्मा याच शब्दावर चाललाय.” बाहेर असं हसून सांगायची. आत स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची, म्हणजे मला ऐकू येऊ नये. मला सगळं ऐकू येत होतं. अडचण ऐकण्याची नव्हतीच.

मॅडमनी उपचार सुरू केले. मॅडम, आज आपल्यासमोर सांगतो, मी आपला अतिशय वाईट विद्यार्थी होतो. आपण चित्रं दाखवायचा. चमचा. कुलूप. छत्री. आणि विचारायचा, हे काय आहे? ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना भाषा शिकवली, त्याच्यापुढे छत्रीचं चित्र! मला ‘छत्री’ ठाऊक होतं. फ्रेंचमध्येही ठाऊक होतं. तोंडात मात्र ‘मग’. चार-पाच वेळा तसं झालं आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मॅडम आल्या की डोळे मिटायचो. हिनं समजावलं, रागावली, रडली. मी ठरवून टाकलं होतं की आता गप्पच राहायचं. जे आपलंच होतं ते भीक मागून घ्यायचं नाही.

अशा एका दुपारी बाई घरी आल्या. आमच्याकडे त्या कधीच आल्या नव्हत्या. सकाळचा वर्ग संपवून थेट आल्या होत्या, बोटांना जांभळा खडू तसाच. हिनं खुर्ची दिली. लोक येतात, हातावर हात ठेवतात, ‘सगळं ठीक होईल’ म्हणतात. बाईंनी तसलं काही केलं नाही. माझ्या अंथरुणाशेजारी खुर्ची ओढली, बसल्या, आणि एकदम टाळी वाजवली. “पार.” थांबल्या. पुन्हा टाळी. “लों.” माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे वळलो. बाई तासभर बसल्या. दर थोड्या वेळानं टाळी. मग उठल्या, हिला म्हणाल्या, “उद्या येते,” आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या. तिसऱ्या दिवशी आल्या. पुढे मी दिवस मोजायचं सोडून दिलं. मॅडमना हिनं घाबरत घाबरत विचारलं की हे चालेल का. मॅडम म्हणाल्या, “चालेल काय, हवंच आहे. तालावर कधी कधी शब्द येतो. शिवाय त्यांना माझ्यावर रागावता येत नाही, या बाईंवर बहुतेक येईल.” माणसं ओळखतात मॅडम.

कारण एके दिवशी बाईंनी चाल बदलली. आल्या, बसल्या, टाळी नाही. माझ्या वर्गातल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, “आज तुमच्या पद्धतीनं घेऊ. ‘फिनिसों’. म्हणजे ‘संपवूया’. मूळ काय? मूळ ‘फि’. शेपूट काय? शेपूट ‘निसों’.”

मंडळी, फ्रेंचच्या इतिहासात असं कुणी कधी तोडलं नसेल. हे म्हणजे ‘करवून’चं मूळ ‘क’ आणि शेपूट ‘रवून’! माझं डोकं तापलं. मी मान फिरवली. बाई शांतपणे म्हणाल्या, “मी आजपासून असंच शिकवणार आहे. मूळ ‘फि’—”

“नाही!”

खोलीत क्षणभर कुणालाच कळलं नाही, कोण बोललं. मलाही नाही. स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला आणि ही ओल्या हातांनी धावत आली. “काय म्हणालात? अहो, काय म्हणालात?” मी म्हणालो, “नाही.” पुन्हा म्हणालो, “नाही, नाही.” ही दारातच खाली बसली. म्हणाली, “लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाच्या ‘नाही’नं मला इतका आनंद कधी झाला नव्हता.”

बाई मात्र खुर्चीतून हलल्या नाहीत. म्हणाल्या, “छान. ना, ही. दोन टाळ्या. आता पुढचा.”

तिथून सुरुवात झाली. मराठीत आणि फ्रेंचमध्येही. ब-सून. उ-ठून. बो-लू-या. मी माझ्या डाव्या हातानं मांडीवर थाप द्यायचो आणि एक एक तुकडा बाहेर काढायचो. त्या दिवसांत मला एक गोष्ट कळली, ती आज भर सभेत बाईंच्या बाजूनं नोंदवतो. मूळ आणि शेपूट माझ्या डोक्यात तसंच्या तसं शाबूत होतं. त्याला काही झालं नव्हतं. पण ते तोंडापर्यंत येत नव्हतं. जिभेला व्याकरण कळत नाही. तिला एका वेळी एका श्वासाचा घास लागतो. मी व्याकरणानं शब्द ओळखत होतो, पण बोलायला शिकलो ते बाईंच्या तोडण्यानं.

हे सगळं चालू असताना संस्थेत काय घडलं, ते मला बरंच उशिरा कळलं. दंतवैद्यांनी सांगितलं. ते तेव्हा कार्यकारिणीवर होते. अध्यक्षमहोदय, आपली परवानगी गृहीत धरतो. आपण त्या बैठकीत जे म्हणालात ते चुकीचं नव्हतं. आपण म्हणालात, संध्याकाळचा वर्ग रिकामा पडला आहे; भाषेचा शिक्षक, दुर्दैवानं, बोलू शकत नाही; तेव्हा तो वर्ग बंद करावा आणि मुलांना सकाळी वळवावं. हिशेबी माणूस हेच म्हणेल. पण संध्याकाळच्या वर्गात कोण येतं? दिवसभर दुकानात उभी राहणारी, इस्पितळात पाळी करणारी, छापखान्यात खिळे बसवावेत तसे दिवस बसवणारी माणसं. त्यांना सकाळ नसते. वर्ग बंद म्हणजे त्यांचं फ्रेंच बंद, आणि माझंही.

दंतवैद्य सांगतात, बाई उठल्या. फळ्याकडे गेल्या आणि ‘ईल पार्ल’ लिहिलं, ‘ते बोलतात’वालं. शेवटच्या तीन अक्षरांखाली रेघ मारली. मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या:

“हे कुणाला ऐकू येतंय? नाही येत. मी या तीन अक्षरांवरून सरांशी भांडत आले. म्हटलं, ऐकू येत नाही ते शिकवू नका. सर म्हणाले, ऐकू येत नाही म्हणजे नाही, असं नव्हे. आज मी त्यांच्या बाजूनं आहे. सर ऐकू येत नाहीत. पण सर आहेत. वर्ग त्यांच्याच नावावर राहील. ते येईपर्यंत मी घेते.”

आपण विचारलंत, “आणि आले नाहीत तर?”

बाई म्हणाल्या, “तोपर्यंत मी घेते, असं म्हटलं ना.”

दंतवैद्य मला सांगत होते, “सर, मी इतक्या दाढा उपटल्या, पण माणसं अशी गप्प झालेली पाहिली नाहीत.” आणि अध्यक्षमहोदय, हेही सांगितलं पाहिजे की त्यानंतर ठराव मागे घेणारा पहिला हात आपलाच होता. आपण ते कधी कुणाला सांगितलं नाहीत, म्हणून मी सांगतो.

म्हणजे बघा, या बाई सकाळी स्वतःचा वर्ग घेत होत्या, दुपारी माझ्या अंथरुणाशी टाळ्या वाजवत होत्या, आणि संध्याकाळी माझ्या वर्गात उभ्या राहत होत्या. आणि मला यातलं अवाक्षर बोलल्या नव्हत्या. मला वाटत होतं, माझा वर्ग केव्हाच मोडला.

मग एका संध्याकाळी मी हट्ट धरला. तोपर्यंत मला चार शब्दांची वाक्यं जमत होती. हिला म्हणालो, “मला खोली बघायची आहे.” ही म्हणाली, “कोणती खोली?” मी म्हणालो, “माझी.” एका बाजूला हिचा खांदा आणि दुसऱ्या बाजूला कठडा, असे जिने चढलो. दवाखान्याच्या दारात दंतवैद्य उभे होते. मला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मला वाटलं, आत पेशंट आहे. वर पोचलो तर वर्गाचं दार अर्धवट उघडं, दिवे लागलेले, आणि बाक भरलेले.

बाई फळ्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. फळ्यावर ‘पार्लों’ लिहिलेलं होतं. जांभळ्या खडूनं. आणि रेघ होती ‘पार्ल’नंतर. माझ्या जागी.

बाई म्हणत होत्या, “मूळ?” वर्ग ओरडला. “शेपूट?” वर्ग आणखी मोठ्यानं ओरडला. पहिल्या बाकावर एक परिचारिका होती, पाळी बदलल्यामुळे तिनं मधेच सकाळच्याही वर्गाला बसायला सुरुवात केली होती. तिनं हात वर केला. “बाई, सकाळी तर तुम्ही ‘पार’वर तोडता. आणि टाळी?”

बाई वळल्या नाहीत. लिहिता लिहिता म्हणाल्या, “सकाळचा वर्ग माझा आहे. हा वर्ग सरांचा आहे. ते येतील तेव्हा त्यांना तुम्ही त्यांनी सोडलं होतं त्याच वाटेवर सापडायला हवं. आणि त्या तीन अक्षरांना विसरू नका. ती ऐकू येत नाहीत, पण सर तपासतील.”

मी दारात उभा होतो. माझ्याकडे चार शब्दांची वाक्यं होती. त्यातलं एकही… थांबा हं… एकही उपयोगी पडलं नाही. हिनं माझी बाही ओढली. आम्ही आवाज न करता खाली उतरलो. दंतवैद्यांनी दवाखान्यात बसवलं, पाणी दिलं. तिथल्या त्या मागे झुकणाऱ्या खुर्चीत बसून मी लहान मुलासारखा रडलो. बाहेर थांबलेल्या पेशंटना काय वाटलं असेल देव जाणे. त्यातला एक उठून गेल्याचं दंतवैद्य अजून सांगतात.

पुढच्या सत्रात मी वर्गात परत गेलो. हळू बोलायचो, अडायचो. मुलं थांबायची. मला वाटतं, बाईंनी त्यांना क्रियापदांबरोबर थांबायलाही शिकवलं होतं. आता आमच्या फळ्यावर शब्दाच्या वर माझ्या रेघा असतात आणि खाली बाईंचे ठिपके, टाळ्यांचे. दोन्ही वर्गांत दोन्ही शिकवतो. म्हणजे भांडण मिटलं असं समजू नका. गेल्याच बैठकीत बाई मला म्हणाल्या, “फिनिसोंमधला मधला ‘इस’ मुळात मोडत नाही, तो तिसरा स्वतंत्र तुकडा आहे.” मी म्हणालो, “आधी टाळी वाजवून बघा, तोंडाला पटतं का.” दोघांनाही जरा वेळानं लक्षात आलं की आम्ही एकमेकांच्या जागा घेऊन भांडतोय. पण माघार कुणी घेतली नाही.

आता बाई चालल्या आहेत. दुसऱ्या गावी थोरल्या बहिणीकडे. बहीण एकट्या आहेत, त्यांच्या पुढच्या खोलीत शेजारपाजारची मुलं जमवून बाई शिकवणार आहेत असं ऐकतो. त्या गावातल्या दंतवैद्यांना कुणीतरी आधी कळवून ठेवा.

काल मी बाईंचं कपाट रिकामं करायला मदतीला गेलो होतो. तिथे मी एक प्रयत्न केला, जो मी या सगळ्या वर्षांत पुष्कळदा केलाय. म्हणालो, “बाई, तुमचे—” बाई म्हणाल्या, “ती वरची पुस्तकं आधी काढा.” मी पुस्तकं काढली. म्हणालो, “बाई, तुमचे उ—” म्हणाल्या, “दोरी कुठेय?” दोरी दिली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर म्हणाल्या, “सर, ‘तुमचे’ अनेकवचन आहे, पुढे काय येणार ते मला कळतं. नको.” कधी व्याकरण काढतात, कधी दोरी. मला आजवर ते वाक्य पुरं करू दिलेलं नाही. आणि माझं बोलणं हळू, त्यामुळे त्यांना मधे शिरायला जागाही भरपूर.

पण आज ध्वनिक्षेपक माझ्या हातात आहे, बाई व्यासपीठावर अडकलेल्या आहेत, आणि सभेचे संकेत त्यांना पाळावेच लागतील. म्हणून आता म्हणतो. न तोडता, सबंध म्हणतो.

बाई, मी बोलतो आहे ते तुमच्यामुळे.

…हे जमलं.

अध्यक्षमहोदय, मला दिलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ घेतला, आपण घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाहीत, ऋणी आहे. मॅडम, आपण आलात, आणि माझ्या चुका मनातल्या मनातच मोजल्यात, त्याबद्दल धन्यवाद. दंतवैद्यांना त्यांच्या खुर्चीबद्दल धन्यवाद. हिला धन्यवाद दिले तर घरी गेल्यावर बोलणी बसतील, म्हणून नुसता नमस्कार. बोलताना कुठे अडखळलो असेन, कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, एखादा शब्द भलत्याच जागी तुटला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आता बाई बोलतील. त्या म्हणाल्या आहेत की बोलणार नाहीत, पण सावकाश घ्या, बाई. सभागृह थांबेल.